बोअरच्या पाण्याचं संशोधन गावापर्यंत न्यायचं कसं? (अवांतर: परिषदांच्या पत्रिकांचा पूर)

मांजराकाठ | १४ जून, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर आणि औसा तालुक्यांतल्या काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यावर माझी पीएच.डी. चालू आहे. विषय भूजलातलं नायट्रेट. नमुने घेऊन, तपासून झाले. लिखाण शेवटाकडे आलंय.

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पाणी किती लिटर आलं, किती दिवस पुरेल याचीच चर्चा सगळीकडे होती. पाण्यात काय आहे हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं, आणि त्यात नवल नाही. आता मात्र लोक विचारतात. ज्यांच्या बोअरवरून मी बाटल्या भरून आणल्या, त्यांचे फोन येतात, "ताई, आमच्या पाण्याचं काय निघालं?"

माझ्याकडे उत्तर आहे, पण ते इंग्रजी प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यात आहे. एक शोधनिबंध परीक्षणाला गेलाय. गाइड म्हणतात, छापून येईपर्यंत कुठंही काही बोलायचं नाही.

दोन प्रश्न:
एक, हे निकाल गावाला आणि पुढं याच भागात काम करणाऱ्याला कसे द्यावेत?
दोन, एखाद्या गावात अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम घ्यायचा विचार आहे. त्याची माहिती कुणाला, कशी कळवायची? व्हॉट्सॲपवर टाकलं तर ते रोजच्या परिषदांच्या पत्रिकांत बुडून जाणार हे दिसतंच आहे.

उदगीरकर | १४ जून, सकाळी १०:१५

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथं माझी दुखरी नस आहे.

माझ्या फोनवर रोज सकाळी शुभ सकाळच्या फुलांआधी पत्रिका येते. 'एकदिवसीय राष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद'. उपविषयांत भूगोल, गृहविज्ञान, क्रीडा, वाणिज्य, संतसाहित्य, सगळं. फोटो संस्थेच्या अध्यक्षांचा, सचिवांचा, सहसचिवांचा. नोंदणी शुल्क आणि क्यूआर कोड ठळक. कोण कशावर बोलणार, ते शोधून दाखवा! दुपारी जेवणानंतर मांडव अर्धा रिकामा, आणि तीन वाजता प्रमाणपत्रांसाठी रांग. जो आलाच नाही त्याचाही निबंध आयएसबीएनवाल्या पुस्तकात छापून येतो.

हे का होतं तेही सगळ्यांना माहीत आहे. २०१०पासून प्राध्यापकांच्या गुणांकनात निबंध आणि परिषदा मोजायला लागले. मोजायला लागलं की बाजार उभा राहतो. तो आवरायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आणली, फेब्रुवारी २०२५मध्ये ती बंद केल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात, २०२२च्या नियमावलीत, प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे हे बंधनही आयोगाने काढलं. दुकानं मात्र चालूच.

तेव्हा ताई, पत्रिकेच्या पहिल्या ओळीत लिहा: कुठल्या गावाच्या पाण्याबद्दल, काय सांगणार, किती वेळ. मान्यवर खाली. नसलेच तर उत्तम.

पोथीघर | १४ जून, दुपारी १२:०५

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुढच्या संशोधकाचा मुद्दा घेतो, कारण तो कुणीच घेत नाही.

आयोगाच्या २००९च्या नियमांनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत विद्यापीठाकडे द्यावी लागते आणि ती शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारात, चढते. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते सांभाळतं. म्हणजे तुमचा प्रबंध जगाला खुला होणार. पण खुला असणं वेगळं आणि सापडणं वेगळं.

मराठी प्रबंधांचं उदाहरण बघा. कितीतरी प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टंकलेले आहेत. त्यात पडद्यावर 'भूजल' दिसतं, पण आत रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. तुम्ही 'भूजल' शोधलं तर यंत्राला तिथं भूजल दिसतच नाही. काही प्रबंध तर छापील प्रतीचं स्कॅन, म्हणजे नुसती चित्रं. यात शोधगंगेचा दोष नाही, आपण जे दिलं तेच तिथं आहे. विद्यार्थी येतो, शोधतो, काही मिळत नाही, मग खुशाल लिहून देतो की 'या विषयावर मराठवाड्यात आजवर काम झालेले नाही'. हे वाक्य मी इतक्या प्रस्तावनांत वाचलंय की आता हसूही येत नाही.

करायचं काय? आपल्या पीडीएफमधली एक ओळ निवडा, साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी तशीच राहिली तर युनिकोड आहे, म्हणजे यंत्राला शोधता येणारी. कचरा दिसला तर फॉन्ट बदलून घ्या. जुन्या स्कॅनसाठी टेसरॅक्ट नावाचं मोफत साधन आहे, मराठी ओळखतं. चुका करतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

आणि शोधशब्दांत गावांची, तालुक्यांची नावं घाला. दोन्ही लिप्यांत. रोमनमध्ये औशाचं स्पेलिंग लोक दोन-तीन तऱ्हांनी करतात, तीही सगळी घाला. पुढे-मागे शेजारच्या जिल्ह्यांशी तुलना करणार असाल तर २०२३मध्ये बदललेली नावं विसरू नका. जुनं काम 'उस्मानाबाद' आणि 'औरंगाबाद' या नावांखाली आहे, नवं 'धाराशिव' आणि 'छत्रपती संभाजीनगर'खाली येणार. एकच नाव लिहिलंत तर निम्मं काम तुम्हाला दिसणार नाही आणि तुमचं निम्म्यांना.

तगर | १४ जून, दुपारी १२:४०

पोथीघर, +१. अंबाजोगाईच्या दासोपंतांची चाळीस फुटी पासोडी, म्हणजे कापडावरचं लिखाण, अजून जपून ठेवलेली आहे. आमच्या विभागातली २००४ची सीडी मात्र कुठल्याच यंत्रात उघडत नाही.

कोरडवाहू | १४ जून, दुपारी ३:२०

ताई, मी बदनापूरकडला. शेती करतो. तुमचं ते फॉन्टचं आपल्याला कळत न्हाई, पण गावाचं सांगतो.

बीडीएन ७११ तूर आमच्याकडं कुणी पेपर वाचून पेरली न्हाई. बदनापूरच्या शेती संशोधन केंद्राची हाय, पर बघितली शेजाऱ्याच्या रानात, मंग पेरली. परभणी क्रांती भेंडी कुठून आली म्हणून विचारा, म्हातारी माणसं बी परभणीच्या कृषी विद्यापीठाचं नाव सांगतील. कामून? तिथं जाता येतं. १८ मेला परभणीला विद्यापीठाचा वर्धापनदिन, खरिपाचा मेळावा. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन, रब्बीचा मेळावा. तारखा पाठ हायेत, पत्रिका लागतच न्हाई. बियाणं घ्यायला जायचं अन् शास्त्रज्ञ तावडीत सापडला की विचारून घ्यायचं. तिथल्या भाषणातलं निम्मं ध्यानात राहत न्हाई, पर त्या माणसाचा नंबर राहतो.

तुमच्या कार्यक्रमाची तारीख बी अशी धरा की लोकांना आधीच म्हाईत असावी. १५ ऑगस्टला ग्रामसभा असती. तिथं अर्धा तास मागून घ्या. नवा मांडव कशाला?

अन् एक इचारू? नायट्रेट म्हंजी नेमकं काय व्हतं? पाणी उकळून प्यालं तर जमतं का?

मांजराकाठ | १४ जून, सायंकाळी ६:०५

कोरडवाहू दादा, नाही! उकळल्यानं नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. 'पाणी उकळून प्या' हा सल्ला जंतूंसाठी अगदी बरोबर आहे, इथं तो उपयोगाचा नाही. आरओनं बऱ्यापैकी निघतं. तुरटी, क्लोरिन, साधं गाळणं यांनी नाही.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. खरा धोका सहा महिन्यांखालच्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळांना. पावडर त्या पाण्यात कालवली की बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात. येतं कुठून? युरिया, गोठ्याचं मलमूत्र, शोषखड्डे. बोअरची केसिंग, म्हणजे आत बसवलेला पाइप, वरच्या भागात नीट बसवलेली नसेल तर वरचं घाण पाणी बाजूनं उतरतं. आपल्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून ते कुठं निघेल याचा नेम नसतो, म्हणून दोन शेजारच्या बोअरचे निकालही पुष्कळदा वेगळे येतात. 'शेजाऱ्याचं चांगलं आहे म्हणजे आपलं चांगलं' हे धरता येत नाही.

उदगीरकर | १४ जून, सायंकाळी ६:३०

बघा, हा एक प्रतिसाद तुमच्या चौथ्या प्रकरणापेक्षा जास्त लोक वाचतील. गाइडना सांगू नका.

नळदुर्गकर | १४ जून, रात्री ९:१०

सगळे उत्साहात आहेत म्हणून थोडं पाणी ओततो.

नव्या वाणाची बातमी सांगायला गेलं की हार घालतात. 'तुमचं पाणी खराब आहे' म्हणायला गेलं की गावाची बदनामी होते. ज्याचा बोअर चांगला तो टँकर विकणार, ज्याचा वाईट निघाला तो विचारणार, माझंच नाव का घेतलं. सोयरीक ठरवायला आलेल्यांनी पाण्यावरून तोंड फिरवल्याचं मी एका गावात ऐकलंय.

आणि प्रबंधाच्या परिशिष्टात नमुन्यांचा तक्ता असतो, त्यात अक्षांश-रेखांश असतात. चार दशांश स्थळांपर्यंत दिलेत की साधारण अकरा मीटरवर बोट ठेवता येतं, म्हणजे थेट माणसाच्या दारात. 'नमुना क्र. १७' असं सांकेतिक नाव देऊन काय उपयोग? लहान गावात 'देवळामागचा, सरपंचबाईंच्या शेतातला' एवढं म्हटलं की संपलं.

पोथीघर | १४ जून, रात्री ९:३५

मुद्दा रास्त आहे. जाहीर प्रतीत दोन दशांश स्थळं ठेवा, ते साधारण किलोमीटरभराचं अंतर होतं. नेमके आकडे विभागात, मागेल त्या संशोधकाला कारण विचारून.

तगर | १५ जून, सकाळी ७:५०

नळदुर्गकर, अर्धं मान्य. पण गावाच्या पाणीयोजनेची विहीर असेल तर? ती खाजगी नाही, सगळं गाव तेच पितं. तिथं आकडा झाकून ठेवायला मी तरी तयार होणार नाही. खाजगी बोअरचा निकाल मालकाला, सार्वजनिक विहिरीचा ग्रामसभेत.

नळदुर्गकर | १५ जून, सकाळी ८:२०

सार्वजनिक विहिरीचा आधी ग्रामसेवक आणि सरपंचांना, मग ग्रामसभेत. भर सभेत पहिल्यांदा ऐकलं की माणूस ऐकायचं सोडून भांडायला उठतो. आणि जाताना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला एक प्रत द्या. ते निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी वर्षातून चारदा मोजतात, तुमच्या भागाची जुनी माहिती त्यांच्याकडेच असते. उद्या कुणी म्हणालं की पोरीनं काहीतरी आकडे आणलेत, तर निदान सरकारी टेबलावर तो कागद असेल.

दूरदेशी | १५ जून, सकाळी ११:००

मूळची परभणीची, सध्या बाहेर पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, करते. गाइडच्या भीतीबद्दल लिहिते.

भीती दोन प्रकारची असते. 'कुणीतरी चोरेल' ही पहिली. पदार्थविज्ञानात १९९१पासून अर्काइव्ह नावाचं ठिकाण आहे, लोक परीक्षणाआधीच मसुदा तिथं टाकतात. टाकला की त्या कामावर तुमच्या नावाची तारीख पडते, उलट चोरणं अवघड होतं. तुमच्या विषयासाठी झेनोडो चालेल. युरोपातल्या सर्न या संस्थेनं २०१३मध्ये उभारलं, फुकट आहे, कुठल्याही विषयाचं आणि कुठल्याही भाषेतलं घेतं, आणि प्रत्येक फाइलीला डीओआय, म्हणजे कायमचा क्रमांक देतं. विभागाचं संकेतस्थळ बदललं, जुने दुवे मेले, तरी त्या क्रमांकावर फाइल सापडते. तुमचं मराठी पत्रक, ग्रामसभेतल्या तक्त्यांचे फोटो, कार्यक्रमाचं टिपण, सगळं तिथं ठेवता येतं. नंतर दुरुस्त केलंत तर नवी आवृत्ती चढवायची, जुनीही राहते.

दुसरी भीती म्हणजे 'नियतकालिक नाकारेल'. ही काही वेळा खरी असते, म्हणून आधी त्या नियतकालिकाचं धोरण वाचा. मसुदा चालतो की नाही, स्वीकारलेली प्रत किती महिन्यांनी खुली करता येते, हे बहुतेक प्रकाशक लिहून ठेवतात.

पण सगळ्यात महत्त्वाचं: बोअरच्या मालकाला त्याच्याच पाण्याचा निकाल देणं म्हणजे प्रकाशन नव्हे. रुग्णाला त्याच्या रक्ताचा रिपोर्ट देताना डॉक्टर नियतकालिकाची परवानगी घेतात का? गाइडना एवढंच विचारा. निष्कर्ष, नकाशे, तुलना थांबवा हवं तर. आकडा आणि त्याचा अर्थ थांबवू नका, कारण दरम्यान कुणीतरी बाळाचं दूध त्याच पाण्यात कालवतंय.

शिवाय ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, सोळा अंकी क्रमांक काढून ठेवा. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव आधी की नंतर, यात आपल्याकडच्या बायकांचं निम्मं काम दुसरीच्याच नावावर दिसतं.

उदगीरकर | १५ जून, सकाळी ११:२५

'दुसरीच्याच नावावर'. आमच्याकडे गाइडच्या नावावर दिसतं. असो.

तगर | १५ जून, दुपारी १:१०

दूरदेशी, छान. एक जुनी गोष्ट घालतो. पुण्यात इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तिथं सभेत निबंध वाचायचे, सापडलेली कागदपत्रं मांडायची, आणि मग हे सगळं इतिवृत्तांत छापायचं. एखादा कागद आज हरवला असला तरी त्याचा मजकूर इतिवृत्तात मिळतो. आपल्या परिषदांचं नेमकं हेच राहतं. सभा होते, मागं फ्लेक्स उरतो. तेरच्या संग्रहालयाच्या आवारात मी उत्तम बोलणारे लोक ऐकलेत, सातवाहनकाळच्या मण्यांपासून रोमन व्यापारापर्यंत, आणि त्यातलं एक वाक्यही आज कुणाला दाखवता येत नाही. फोनवर आवाज टिपून ठेवला असता तरी चाललं असतं.

मांजराकाठ | १७ जून, रात्री १०:०५

काल गाइडशी बोलले. दूरदेशींचा रक्ताच्या रिपोर्टचा दाखला जसाच्या तसा वापरला (आभार!). सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, मालकांना ज्याचे त्याचे निकाल द्या, गावांचा एकत्रित नकाशा मात्र निबंध आल्यावर. आणि पत्रक आधी मला दाखवा. मला हे चालतंय.

ग्रामसभेसाठी एका गावच्या ग्रामसेवकांना फोन केला. ते म्हणाले, विषयपत्रिकेत विषय आधी घालावा लागेल, ऐन वेळी उठून बोलता येणार नाही. म्हणजे जुलै संपायच्या आत पत्र द्यायचंय.

पत्रकाचा मसुदा टाकते. एका पानाचा ठेवलाय. झोडपा.

*श्री./श्रीमती ________ यांच्या बोअरच्या पाण्याचा अहवाल*
*आपल्या बोअरचे पाणी दि. ____ रोजी तपासणीसाठी घेतले होते. बोअरची खोली ____ मीटर. पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ____ मिलिग्रॅम आढळले. पिण्याच्या पाण्यासाठी ४५ पर्यंतचे प्रमाण सुरक्षित मानले जाते. प्रमाण ४५ पेक्षा जास्त असल्यास सहा महिन्यांखालील बाळाचे दूध या पाण्यात तयार करू नये. हे पाणी उकळल्याने सुरक्षित होत नाही. धुणे, भांडी व शेतीसाठी वापरण्यास हरकत नाही. पावसाळ्यानंतर पाणी पुन्हा तपासून घ्यावे.*

पोथीघर | १७ जून, रात्री १०:३०

छान. खाली प्रयोगशाळेचं नाव, पद्धत आणि तुमचा विभाग लिहा, नाहीतर हा कागद कुणीही छापला असेल. नियतकालिकाला लागतं ते सगळं इथंही लागतं, फक्त बारीक अक्षरात.

नळदुर्गकर | १७ जून, रात्री १०:४५

'शेतीसाठी हरकत नाही' याच्या पुढं एक ओळ घाला की या पाण्यातून पिकाला थोडं नत्र मिळतंच, तेव्हा युरिया टाकताना ते धरा. तोटा सांगताना पदरात काहीतरी पडलं की माणूस पुढचं ऐकतो.

दूरदेशी | १८ जून, पहाटे ४:१५

हेच पत्रक आवाजातही करा. दीड मिनिटाचं, तुमच्याच बोलीत. ज्या घरातल्या आजी बाळाचं दूध करतात त्या कागद वाचणार नाहीत, नातू फोन कानाला लावून देईल. आकाशवाणीच्या बीड, परभणी, नांदेड केंद्रांनाही विचारून बघा.

कोरडवाहू | १८ जून, सकाळी ६:४०

मसुदा ब्येस हाय. दोन गोष्टी. बोअर मीटरमधी कुणी मोजत न्हाई. गाडीवाला फुटावर पैसे घेतो, फूटच लिहा. अन् ती उकळायची ओळ पार खाली गेलीय, ती आकड्याच्या लगोलग वर घ्या, जाड अक्षरात. आमच्या घरचे बी कालपर्यंत उकळूनच प्यायलेत.

मांजराकाठ | १८ जून, सकाळी ९:१०

फूट केलं. उकळायची ओळ आकड्याखालीच आणली, जाड केली. युरियाची ओळ सरांना विचारून घालते, किती धरायचं हे आकड्यावर अवलंबून आहे, सरसकट लिहिलं तर चुकेल. खाली प्रयोगशाळा आणि विभाग आला. आवाजासाठी आईला बसवतेय, माझं बोलणं फार पुस्तकी येतंय असं तीच म्हणाली.